पायथ्यापासून गड
कृष्णाखोऱ्यातील दुर्ग, गढ्या आणि पडक्या वास्तूंवरील पुस्तकाची प्रस्तावना

मराठीत गडकिल्ल्यांवरची पुस्तके पुष्कळ आहेत आणि त्यांतली बहुतेक महादरवाजापाशी सुरू होतात. आधी वाट, मग दरवाजा, डावीकडचा बुरूज, उजवीकडचे टाके, माथ्यावरचे देऊळ आणि शेवटी चार ओळींत इतिहास. अशाच पुस्तकांवर आमच्या दोन-तीन पिढ्या गड चढायला शिकल्या. गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’ने तर कितीतरी घरांतली पोरे डोंगराला लावली. हे ऋण मान्य करूनच सांगतो, की हे पुस्तक दरवाजापासून सुरू होत नाही. ते नदीच्या घाटावर सुरू होते, गावातून आणि पांदीतून पुढे सरकते आणि मग गडावर चढते. कृष्णाकाठच्या गडांचा अर्धा अर्थ पायथ्याला पडून आहे अशी माझी धारणा आहे. ती पटवण्यासाठी पुढची पाने लिहिली.

सज्जनगडच घ्या. साताऱ्याहून समर्थांच्या समाधीला रोज माणसे जातात. गाडीरस्ता जवळजवळ वरपर्यंत पोचतो, दर्शन होते, प्रसाद होतो आणि मंडळी परततात. या गडाचे जुने नाव परळीचा किल्ला, आणि ते ज्या गावावरून पडले ते परळी वाटेवरच असते. तिथे यादवकाळच्या धाटणीची शिवमंदिरे आहेत, कोरीव खांब आहेत, वीरगळ आहेत. शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये हा गड घेतला, समर्थ १६७६ मध्ये इथे वस्तीला आले आणि १६८२ मध्ये इथेच त्यांचा देह पडला. पण त्याआधी काही शतके खाली माणसे राहत होती, देवळे बांधत होती, लढून मरत होती आणि मेलेल्यांचे दगड उभे करत होती. गडाच्या दरवाजात फारसी शिलालेख आहे, तो मधल्या आदिलशाही काळाची साक्ष देतो. परळीत अर्धा तास थांबलेल्या माणसाला सज्जनगड एका पुरुषाच्या आयुष्यापेक्षा कितीतरी जुना दिसू लागतो. न थांबलेल्याला तो केवळ तीर्थक्षेत्र दिसतो.

या पुस्तकाची हद्द नदीने ठरवली आहे. जुन्या महाबळेश्वरातून कृष्णा निघते आणि वाईच्या खोऱ्यात उतरते. माहुलीला वेण्णा तिला मिळते, पुढे उरमोडी आणि तारळी येतात, कराडला समोरून कोयना येऊन भिडते. तिथून ती सांगलीच्या सपाटीत शिरते, येरळेला पोटात घेते आणि हरिपूरला वारणेचे पाणी घेऊन मिरजेकडे वळते. आम्ही तिथे थांबलो. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे आज वेगळे वाटतात. पण १९४९ पर्यंत वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. त्या वर्षी उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा अशी फाळणी झाली आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. मिरज आणि सांगली ही पटवर्धनांची संस्थाने मात्र वेगळी होती. गड बांधणाऱ्यांना जिल्हा माहीत नव्हता. त्यांना खोरे माहीत होते, घाट माहीत होते आणि उतार कुठे सापडतो ते माहीत होते.

खोऱ्याची घडणच गडांना अनुकूल. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर एकावर एक बसले आणि त्यांतून ही काळी कातळभूमी झाली. कठीण थराचा कडा उभा राहतो, मऊ थराचा उतार होतो, माथा सपाट राहतो. म्हणजे तटबंदीचे निम्मे काम निसर्गाने आधीच केलेले असते. माणसाने फक्त कड्याला जिथे फट आहे तिथे दगड रचायचा आणि जिथून वाट चढते तिथे दरवाजा बसवायचा. वाईच्या खोऱ्यातला कमळगड हे त्याचे टोक. तिथे बांधीव तट जवळजवळ नाही, कडाच तट आहे. माथ्यावर कातळात खोल चिरलेली ‘कावेची विहीर’ आहे. तिच्यात पायऱ्यांनी उतरत गेले की भिंतीची लाल काव हाताला लागते.

वाईभोवती पांडवगड, वैराटगड, कमळगड आणि केंजळगड हे गड एकमेकांच्या नजरेत उभे आहेत. केंजळगडाच्या माथ्याजवळ कड्यातच रुंद पायऱ्या खोदल्या आहेत, आणि वर चुन्याची घाणी दिसते. ती पाहिली की इथले बांधकाम कशाने सांधले जाई ते कळते. भुईंजजवळ चंदन-वंदन ही जोडगोळी आहे. सातारा-कोरेगावच्या बाजूला नांदगिरी म्हणजे कल्याणगड आहे. त्याच्या पोटातल्या पाणी भरलेल्या गुहेत पार्श्वनाथाची मूर्ती आणि दत्त एकत्र नांदतात. कोयनेच्या बाजूला कुंभार्ली घाटाची वाट. चिपळूणचा माल याच वाटेने पाटणमार्गे कराडला उतरे, म्हणून तिच्यावर जंगली जयगड, दातेगड आणि गुणवंतगड यांची नजर. पूर्वेला वर्धनगड, महिमानगड, भूषणगड आणि वारुगड हे दुष्काळी माणदेशाच्या उंबऱ्यावर उभे आहेत. दक्षिणेला मच्छिंद्रगड आणि येडेनिपाणीचा विलासगड हे वाळव्याच्या सपाटीतले सुटे डोंगर. त्यापुढे डोंगरच संपतात आणि भुईकोट सुरू होतात. बागणी, बहादूरवाडी, शिराळा, सांगली, मिरज हे सारे सपाटीवरचे. डोंगराने जे फुकट दिले ते तिथे खंदक खणून मिळवावे लागले.

काळाचा विचार करताना एक सावधगिरी हवी. ‘हा किल्ला शिलाहार राजा भोजाने बांधला’ हे वाक्य साताऱ्याच्या निम्म्या गडांबद्दल ऐकू येते. दुसरा भोज बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि तेराव्याच्या आरंभी पन्हाळ्यावरून राज्य करत होता आणि पुढे यादव सिंघणाने त्याचा पाडाव केला, हे खरे. अजिंक्यतारा, वसंतगड, पांडवगड, वैराटगड, चंदन-वंदन या गडांना त्याचे नाव जोडण्याची परंपरा जुनी आहे. पण आज त्या गडांवर डोळ्यांना दिसणारा तट, दरवाजा आणि बुरूज बहुतेक सतराव्या-अठराव्या शतकातला आहे. भोजाचे काही उरले असेल तर ते कातळातल्या टाक्यांत आणि पायथ्याच्या देवळांत शोधावे. त्याहून जुने तर कराडला आहे. जखिणवाडीच्या आगाशिव डोंगरात साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत आणि तिथून समोर कृष्णा-कोयनेचा संगम दिसतो. त्याच संगमावर कोटातली नकट्या रावळाची विहीर आहे आणि गावात अली आदिलशाहाच्या काळातल्या उंच मनोऱ्यांची मशीद आहे. दोन हजार वर्षे एका शहराच्या पायपिटीत पाहून होतात.

गडांच्या इतिहासात एक कालखंड या खोऱ्याचा स्वतःचा आहे, आणि त्याला आम्ही या पुस्तकात सर्वांत जास्त जागा दिली आहे. तो म्हणजे १६९९ ते १७०१. औरंगजेब तेव्हा ऐंशी ओलांडलेला होता. फौजा पाठवून मराठ्यांचे गड हाती येत नाहीत, हे पाहून तो स्वतः कृष्णेच्या खोऱ्यात उतरला. नोव्हेंबर १६९९ मध्ये वसंतगड पडला. बादशहाने त्याचे नाव ठेवले ‘किलिद-ए-फतह’, विजयाची किल्ली. तळबीडच्या माथ्यावरचा हा गड; तळबीड म्हणजे सरसेनापती हंबीरराव मोहित्यांचे गाव. डिसेंबरात साताऱ्याला वेढा बसला. किल्लेदार प्रयागजी प्रभू. मुंगी शिरू नये असा वेढा चार महिने चालला. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग उडवले. पहिल्याने आतली माणसे गाडली. प्रयागजी स्वतः ढिगाऱ्याखाली सापडले आणि जिवंत निघाले. दुसरा सुरुंग उलटला. तट आत कोसळण्याऐवजी बाहेर, हल्ल्यासाठी जमलेल्या मोगल फौजेवर कोसळला आणि त्यात दोन हजारांच्या आसपास माणसे दगावल्याचे मोगल इतिहासकार सांगतात. तरीही अखेर धान्य, दारूगोळा आणि आशा संपली. त्यातच मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारल्याची बातमी आली होती. एप्रिलच्या अखेरीस शहाजादा आझमच्या मध्यस्थीने गड खाली झाला आणि त्याचे नाव ‘आझमतारा’ पडले.

लगेच परळीला वेढा. तो जूनमध्ये संपला आणि पाऊस लागला. आता खरी लढाई नदीशी होती. पुराने भरलेली कृष्णा ओलांडून भूषणगडाकडे जाताना बादशाही लष्कराची जनावरे, सामान आणि माणसे यांची जी दैना झाली तिची वर्णने मोगलांच्याच बखरनविसांनी केली आहेत. पुढच्या वर्षी वर्धनगड, नांदगिरी, चंदन आणि वंदन हेही पडले. वर्धनगडाला ‘सादिकगड’, चंदन-वंदनला ‘मिफ्ताह’ आणि ‘मफ्तूह’ अशी नावे मिळाली. गड पडले, नावे बदलली, पण खोरे हाती आले नाही. ताराबाईंच्या माणसांनी पाच-सहा वर्षांत सातारा परत घेतला आणि आझमताऱ्याचा अजिंक्यतारा झाला. ठेवलेल्या सगळ्या फारसी नावांतले एकही आज गावकऱ्यांच्या तोंडी नाही. गड घेणे म्हणजे घेरा घेणे नव्हे, आणि घेरा ज्याच्या बाजूचा असतो गड शेवटी त्याच्याकडे जातो, हा त्या दोन वर्षांचा धडा. पायथ्यापासून गड पाहायचा तो याचसाठी.

घेरा म्हणजे काय, हे थोडे सांगायला हवे. गडाभोवतीच्या गावांचा, रानाचा आणि वाटांचा मुलूख तो घेरा. मोक्याच्या जागी मेटे असत आणि तिथे रामोशी, कोळी, महार, मांग अशा जमातींची माणसे पिढ्यान्‌पिढ्या राखण करत. त्यांना त्याबद्दल जमिनी असत. वरच्या शिबंदीला दूध, लाकूड, गवत आणि बातमी हे सारे घेऱ्यातून येई. गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे वेगवेगळे कामगार नेमण्याची शिवाजी महाराजांची पद्धत सभासदाच्या बखरीत नोंदली आहे. शिपाई एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, कोठार तिसऱ्याकडे. एकाने फितूर व्हायचे म्हटले तरी गड जाऊ नये. युरोपात ऱ्हाइन नदीच्या काठी किंवा फ्रान्समधल्या ल्वार खोऱ्यात जे किल्ले पाहायला मिळतात, ते बहुतेक कुणा ना कुणा सरदाराचे घर होते. त्याचे नाव, त्याचे कुळ आणि त्याच्या भिंतीवरची त्याची चिन्हे पाहायला माणसे जातात. आमचा गड कुणाच्या घरचा नव्हता, तो राज्याचा होता. वतनदारांनी बुरूजबंद वाडे बांधू नयेत, आहेत ते पाडावेत, असेच महाराजांचे धोरण होते. म्हणून गडावर राजवाड्याची भपकेबाजी शोधणारा प्रवासी निराश होतो. तिथे सापडतात जोती, टाकी, अंबारखाने आणि दारूकोठार, म्हणजे सरकारी चाकरीच्या खुणा. घरंदाज माणसाचे घर पाहायचे असेल तर खाली उतरावे लागते. म्हसवडच्या मान्यांच्या मुलखात, जतच्या डफळ्यांच्या मुलखात, नाहीतर मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात.

मेणवलीचा वाडा आणि त्याच्या पाठीमागचा कृष्णेवरचा घाट ज्याने पाहिला नाही त्याने वाईचे खोरे पाहिले असे आम्ही म्हणणार नाही. वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा तिथे टांगलेली आहे. वाईला गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेला ढोल्या गणपती आहे, आणि त्याची मागची भिंत पुराचे पाणी कापण्यासाठी माशाच्या आकाराची निमुळती केलेली आहे. माहुलीला श्रीपतराव पंतप्रतिनिधींचे विश्वेश्वराचे देऊळ आहे. शाहू महाराजांची आणि ताराबाईंची समाधी त्याच संगमावर आहे. आयुष्यभर गादीसाठी भांडलेली दोन माणसे एकाच वाळवंटात. लिंबला बारा मोटांची विहीर आहे. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसल्यांनी ती बांधवली. ती सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट रुंद आहे, आणि मोटांच्या थारोळ्याखालच्या मजल्यावर चक्क महाल आहे. कमानींवर कोरलेली जनावरे पाहताना हे बांधकाम आमराईला पाणी देण्यासाठी झाले होते, हे मुद्दाम आठवावे लागते.

पाणी हा या पुस्तकाचा दुसरा धागा आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात गड बांधण्याआधी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून टाकी बांधावीत, एका झऱ्यावर विसंबू नये, असे बजावले आहे. कारण साधे आहे. तोफांचे धडाके झाले की झरे आटतात आणि वेढ्यात तेवढ्यावर गड जातो. म्हणून प्रत्येक गडावर आम्ही तटापेक्षा आधी टाकी मोजली. खांब सोडून कातळात कोरलेली खांबटाकी, पावसाचे पाणी वळवणारे चर, गाळ बसवण्यासाठी वरच्या अंगाला ठेवलेले छोटे टाके, प्यायच्या पाण्याला वेगळी आणि जनावरांना वेगळी जागा. पाटणजवळच्या दातेगडावर कातळ उभा चिरून तलवारीच्या आकाराची विहीर केली आहे. पायऱ्यांनी तिच्यात उतरताना वरचे ऊन एकदम तुटते आणि गारवा अंगावर येतो. गडाच्या प्रवेशाशी कातळात कोरलेले गणपती आणि मारुती भक्कम आहेत. त्यांच्यापेक्षा ही विहीर त्या गडाची खरी देवता आहे, असे म्हटले तर कुणी रागावू नये.

सगळे गड लढण्यासाठीच वापरले गेले असे नाही. कितीतरी गडांचे खरे आयुष्य तुरुंग म्हणून गेले. आदिलशाहीत १५८० मध्ये चांदबिबीला साताऱ्याच्या किल्ल्यात कोंडले होते. ताराबाईंनी १७५० मध्ये रामराजाला याच गडावर अडकवले, आणि १७०८ मध्ये ज्या शाहूंचा इथे राज्याभिषेक झाला त्यांच्या गादीचा मालक असा आपल्याच राजधानीत कैदी झाला. वासोटा तर कैद्यांचा गडच. पेशव्यांना नकोसे झालेले लोक तिथे जात. पंतप्रतिनिधींच्या बाजूने ताई तेलिणीने तो बापू गोखल्यांविरुद्ध लढवला, हे गाव अजून विसरलेले नाही. १८१७ मध्ये पकडलेले दोन इंग्रज अधिकारी आणि प्रतापसिंह छत्रपतींचे कुटुंब तिथेच होते. एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा चढवून तो घेतला आणि सातारच्या मुलखातली लढाई संपली. आज वासोट्याला जायचे तर बामणोलीहून लाँचने कोयनेचा शिवसागर ओलांडायचा, वनखात्याची परवानगी घ्यायची आणि व्याघ्रप्रकल्पाच्या रानातून चढायचे. पायथ्याची मेट इंदवली आता ओसाड आहे. धरणाने आणि अभयारण्याने या गडाचा घेराच उठवला. वासोटा रम्य आहे, पण पायथा गेलेला गड कसा दिसतो हेही तिथेच कळते.

सांगली भागातल्या वाचकांची तक्रार असते की गडांच्या पुस्तकांत त्यांच्या वाट्याला चार ओळी येतात. ती रास्त आहे. खानापूर तालुक्यातला बाणूरगड म्हणजे भूपाळगड. १६७९ मध्ये दिलेरखानाने संभाजीराजांना सोबत घेऊन तो घेतला, तेव्हा फिरंगोजी नरसाळा किल्लेदार होता. पकडलेल्या सातशे माणसांचा एकेक हात खानाने तोडला. बहिर्जी नाईकांची समाधी म्हणून दाखवतात ती याच गडावर. बहे गावाशी कृष्णेच्या पात्रातल्या बेटावर समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक आहे, आणि शिराळ्याचा मारुतीही त्यांतलाच. मिरजेच्या भुईकोटाला १६६० च्या सुरुवातीस महाराजांनी स्वतः वेढा घातला होता. सिद्दी जौहर चालून येतो असे कळताच ते पन्हाळ्याकडे गेले. मिरज मराठ्यांच्या हाती आली ती थेट १७३९ मध्ये, शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, आणि १७६१ मध्ये गोविंद हरी पटवर्धनांकडे गेली. १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धन वाटणी घेऊन सांगलीला आले आणि गणेशदुर्ग उभा राहिला. मिरजेच्या कोटात आज वस्ती आणि कचेऱ्या आहेत आणि खंदक शोधावा लागतो.

गणेशदुर्गाची गोष्ट मात्र १८१८ ला संपत नाही. त्या कोटात तुरुंग होता. २४ जुलै १९४३ रोजी भरदिवसा वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून तटावर चढले आणि खालच्या खंदकात उड्या टाकून पळाले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव मारले गेले. खांद्याला गोळी लागलेले दादा पकडले गेले. त्याच सुमारास या खोऱ्यातल्या गावागावांत नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहत होते. मोगलांना जो घेरा मिळाला नाही तो इंग्रजांनाही मिळाला नाही, असे म्हणायला हरकत नाही. गडाचा काळ संपला असे इतिहासकार ज्या वर्षी लिहितात त्यानंतर सव्वाशे वर्षांनी एक खंदक पुन्हा कामाला आला.

आता आजच्या अवस्थेविषयी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत सातारा जिल्ह्यातला एक, प्रतापगड. सांगलीचा एकही नाही. यादीतल्या गडांचे रस्ते, फलक आणि वर्दळ वाढेल. यादीबाहेरच्या शेकडो जागांचे काय, हा प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा पुरातन वास्तूंचा कायदा संरक्षित स्मारकांपुरता चालतो. किकलीच्या देवळाभोवतीचे वीरगळ, शेताच्या बांधावरची सतीशिळा आणि पडक्या गढीची भिंत यांचा सांभाळ गावावर आहे. गावाची माया कमी नाही, पण तिची पद्धत अनेकदा घातक असते. कोरीव मूर्तीवर ऑइलपेंटचे थर चढतात, देवळाच्या जुन्या फरशीवर चकचकीत टाइल्स बसतात, चुन्याच्या सांध्यात सिमेंट भरले जाते. चुना श्वास घेतो, पाणी बाहेर सोडतो. सिमेंट पाणी कोंडते आणि दोन पावसाळ्यांत शेजारचा मूळ दगड फुटायला लागतो. हौशी मंडळे टाक्यांतला गाळ काढतात ते चांगलेच आहे, पण त्या गाळात खापरे, गोळे आणि नाणी असतात. तो कुठून, किती खोलीवरून काढला याची नोंद न ठेवता टाकून दिला की इतिहासाचे एक पान कायमचे जाते. गाळ काढण्याआधी पुरातत्त्व खात्याला कळवावे आणि फोटो काढावेत. आकडे, माप आणि तारीख लिहून ठेवायला पदवी लागत नाही.

वाटसरूंसाठी व्यवहाराच्या चार गोष्टी. जून ते सप्टेंबर कातळ निसरडा असतो, कोयनेकडचे रान बंद असते आणि जळवा असतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. एप्रिल-मेमध्ये माणदेशाकडच्या गडांवर पाणी मिळेल या भरवशावर जाऊ नये. पायथ्याच्या बहुतेक गावांना एसटी जाते, पण दिवसातून एक-दोनदाच, म्हणून परतीची वेळ स्टँडवर विचारूनच निघावे. गावात पहिली भेट देवळाच्या गुरवाची किंवा म्हाताऱ्या गुराख्याची घ्यावी. चोरवाट कुठे आहे, कोणत्या टाक्याचे पाणी पिण्याजोगे आहे आणि कोणत्या कपारीत मधमाश्यांचे पोळे आहे हे नकाशात नसते. गडावर देव असतो, तेव्हा पादत्राणे आणि दारू यांबाबत गाव म्हणेल ते ऐकावे. वर मुक्काम करायचा तर वनखात्याचा आणि गावाचा दोघांचाही होकार हवा.

पुस्तकाची मांडणी यावरून कळेल. गड तालुक्यांप्रमाणे लावलेले नाहीत, नदीच्या प्रवाहाप्रमाणे लावले आहेत: आधी वाईचे खोरे, मग वेण्णा आणि उरमोडी, मग कोयना, मग माणदेशाची कड, मग वारणा आणि शेवटी सपाटीवरचे भुईकोट. प्रत्येक प्रकरणात आधी पायथ्याचे गाव, त्याची देवळे, विहिरी, वीरगळ आणि वाडे येतात, मग पाणी, मग तट आणि दरवाजा, आणि शेवटी लढाया. इतिहासाच्या अभ्यासकाला हा क्रम उलटा वाटेल. शिक्षकांना मात्र तो सोयीचा पडेल, कारण सहावी-सातवीची पोरे सगळी गड चढू शकत नाहीत, पण आपल्या गावातला वीरगळ शोधून त्याचे माप घेऊ शकतात. त्यावरचा घोडा, तळाशी पडलेला वीर, वरच्या चौकटीतले शिवलिंग आणि माथ्यावरचा कलश हे वाचायला त्यांना अर्धा तास लागतो.

जेम्स ग्रँट डफ १८१८ नंतर साताऱ्यास पोलिटिकल एजंट होता. इथली दफ्तरे चाळून त्याने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला. १८८५ चे सातारा जिल्ह्याचे गॅझेटियर आजही गडांच्या वर्णनासाठी उघडावे लागते. दोन्ही कामे परक्यांनी राज्य चालवण्यासाठी केली आणि दोन्हींत गड अधिक, गावे कमी. त्यांच्यापुढे जाण्याची साधने आज गावातच आहेत: देवस्थानच्या वह्या, वतनाचे कागद, गुरवाच्या आठवणी आणि मोबाइलमधला कॅमेरा. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक पान कोरे ठेवले आहे. आपल्या गावातली आमच्याकडून सुटलेली विहीर, शिळा किंवा भिंत त्यावर लिहावी, आणि शक्य झाले तर त्या पानाची एक प्रत ग्रामपंचायतीत द्यावी.